आरसी ३९०चं वजन: कुठे घटवलं, कुठे हात आखडला

ताईच्या स्वयंपाकघरातला पाच किलोंचा डिजिटल काटा पार्किंगमध्ये आणला आणि तिथून या कामाला खरी सुरुवात झाली. त्याआधी पंधरा दिवस नुसतं बोलणं चाललं होतं. माझ्या भाच्याने २०१६ची केटीएम आरसी ३९० मोटरसायकल सेकंडहँड घेतली होती. दोन महिन्यांनी तो दोन मित्रांबरोबर कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर शिकायला जाणार होता आणि त्याआधी गाडीचं वजन दहा किलोंनी कमी करायचं त्याच्या मनात होतं. "मामा, फक्त टॉर्क रेंच दे, बाकी सगळं मी करतो," म्हणाला. मी टूलरूममध्ये काम करतो. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना, मागणाऱ्या पोराला नाही म्हणणं जमत नाही, पण ते एकटं सोडून देणंही जमत नाही. म्हणून लागोपाठ पाच रविवार मी चिंचवडला त्याच्या सोसायटीत गेलो. तिथे काय केलं, काय मुद्दाम केलं नाही आणि काय थोडक्यात निभावलं, ते इथे लिहितो आहे. घरच्या पार्किंगमध्ये असंच काम काढणारी पुष्कळ मुलं मी पाहतो, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून.

गाडीबद्दल थोडं. एक सिलिंडर, ३७३.२ सीसी, ४३.५ पीएस. ही चाकणच्या बजाजच्या कारखान्यात तयार झालेली, म्हणजे आमच्या अगदी घरची. मुळातच हलकी गाडी आहे. दोनशे वीस किलोंच्या गाडीत जेवढी चरबी सापडते तेवढी हिच्यात नाही, त्यामुळे दहा किलो म्हणजे फार मोठी मागणी आहे, हे पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं.

त्याची यादी तयार होती: सायलेन्सर अठरा हजार, लिथियम बॅटरी साडेसात, ॲल्युमिनियम स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) आणि चेनचा सेट सहा हजार आठशे, निळे 'टायटॅनियम' बोल्ट तीन हजार चारशे, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर कापलेले) लिव्हर बावीसशे आणि कार्बन फायबर म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वस्तू. बेरीज चाळीस हजारांच्या थोडी वर जात होती आणि चाळीस हजारच त्याच्याकडे होते. बोल्ट आणि लिव्हर तर येऊनही पडले होते.

मी म्हटलं, आधी मोजू.

वजन मोजायची घरगुती पद्धत सोपी आहे. माणसाचं वजन करायचा काटा पुढच्या चाकाखाली ठेवायचा, मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवायची, म्हणजे गाडी सपाट राहते. एकाने गाडी फक्त तोल सांभाळण्यापुरती सरळ धरायची, दाबायची किंवा उचलायची नाही, आणि दुसऱ्याने आकडा वाचायचा. मग काटा मागे, फळी पुढे. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे गाडीचं वजन. प्रत्येक चाकाचं आम्ही तीन तीन वेळा घेतलं. अर्ध्या टाकीला १६३.६ किलो भरलं. दोन-तीनशे ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणून सुट्या पार्टांचं वजन या काट्यावर धरायचं नाही, त्याला स्वयंपाकघरातला काटा.

त्या काट्यावर पहिल्यांदा ठेवले ते लिव्हर. क्लचचा मूळ लिव्हर ७२ ग्रॅम, नवा सीएनसी लिव्हर ९६ ग्रॅम. भाच्याने काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवला. ९६. हलका पार्ट म्हणून विकलेला लिव्हर मुळापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जड निघाला. घडीचा सांधा, अंतर कमीजास्त करायची फिरकी, तिची स्प्रिंग, हे सगळं कुठूनतरी येणारच. लिव्हर वाईट नव्हता, बोटं लहान असतील तर उपयोगाचाच आहे, पण आपण ज्यासाठी घेतला ते काम तो करत नव्हता. त्याने तो परत पाठवला. कार्बनच्या वस्तू यादीतूनच गेल्या, कारण जी त्याने मित्राकडून पाहायला आणली होती ती प्लॅस्टिकवर कार्बनच्या विणीची छापील पातळ फिल्म चढवलेली होती. कडेला नखाने खरवडलं की खालचं काळं प्लॅस्टिक दिसत होतं.

पैसे न घालता निघणारं वजन पहिल्यांदा काढायचं, हा माझा आग्रह. साडी गार्ड ८६० ग्रॅम. मागच्या माणसाचे फूटरेस्ट ब्रॅकेटसकट १ किलो ८० ग्रॅम. मागचं नंबर प्लेटचं होल्डर ९०० ग्रॅम. दोन आरसे ६२० ग्रॅम. बेरीज ३ किलो ४६० ग्रॅम, खर्च शून्य.

इथे आमचा पहिला वाद झाला. त्याचं म्हणणं, काढलंच आहे तर काढलेलंच राहू दे, गाडी देखणी दिसते. मी ठाम नाही म्हटलं. साडी गार्ड आणि मागचे फूटरेस्ट ही शोभेची वस्तू नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ क्रमांकाच्या नियमात मागच्या माणसासाठी ते सांगितलेले आहेत. मागे बसणाऱ्याचं धोतर, ओढणी, पदर चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकणारं काहीतरी हवंच. ज्याच्या घरात आई त्याच गाडीवर मागे बसून भाजी आणायला जाते, त्याला हे समजावायला वेळ लागला नाही. आरशांचं तर आणखी एक आहे: या मॉडेलमध्ये पुढचे इंडिकेटर आरशांतच आहेत. आरसे काढले की इंडिकेटरही गेले.

म्हणून आम्ही गाडीची दोन रूपं ठरवली. रस्त्याचं रूप आणि ट्रॅकचं रूप. ट्रॅकसाठी जे काढायचं त्याची प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, तिचे बोल्ट आणि वायसर त्याच पिशवीत, वर पेनाने नाव आणि कोणता पाना लागतो तो आकडा. आरशांचे कनेक्टर उघडे राहू नयेत म्हणून त्यांना चिकटपट्टी. रंगीत तालीम म्हणून एका रविवारी सगळं काढून सगळं परत बसवलं. पहिल्या खेपेला पावणेदोन तास, दुसऱ्या खेपेला पन्नास मिनिटं.

त्याच दिवशी त्याने माझ्या नकळत साइड स्टँडही काढून पाहिला. गाडी सुरू झाली, पहिला गिअर टाकला की बंद. स्टँडला सेन्सर आहे आणि स्टँड वर आहे असं कळल्याशिवाय गाडी गिअरमध्ये चालू राहत नाही. सेन्सरला बगल देणारी वायर बाजारात मिळते. ती लावू दिली नाही. स्टँड उघडा राहून डाव्या वळणाला जमिनीला घासला तर काय होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. स्टँड परत बसला, ट्रॅकवर तो तारेने बांधायचा ठरलं.

बॅटरी हा या सगळ्या यादीतला सर्वांत सरळ सौदा. मूळची शिशाची, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी काट्यावर २ किलो ९०० ग्रॅम भरली. नवी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची ९५० ग्रॅम. जवळजवळ दोन किलो एका जागेवरून गेले. पण तीन गोष्टी पाहूनच ती बसवली.

एक, गाडीचं चार्जिंग. या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल असतात, म्हणजे १२.८ व्होल्ट, आणि चार्ज होताना १४.६ च्या वर गेलेलं तिला सोसत नाही. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलेला असेल तर शिशाची बॅटरी काही दिवस निभावून नेते, ही नेत नाही. जुन्या बॅटरीवरच गाडी सुरू करून पाच हजार आरपीएमला मल्टिमीटर लावला: १४.२. ठीक. दोन, तिच्यावर लिहिलेल्या आकड्याचा अर्थ. '८ अँपिअर-अवरच्या बरोबरीची' असं लिहिलेल्या लिथियम बॅटरीत प्रत्यक्षात साठा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच असतो. स्टार्टर ती झोकात फिरवते, पण इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली तर लवकर रिकामी होते आणि पूर्ण रिकामी झाली की बहुधा मेलीच. तीन, घरात पडलेला जुना चार्जर तिला लावायचा नाही. शिशाच्या बॅटरीला शुद्ध करण्यासाठी काही चार्जर जास्त व्होल्टेजचे झटके देतात, तो प्रकार हिच्यासाठी घातक.

नवी बॅटरी आकाराने लहान, त्यामुळे पेटीत ती खडखडायला लागली. दाट फोमच्या पट्ट्या कापून चारही बाजूंनी आणि वर घातल्या, हाताने हलवून हलत नाही इतक्या. लाल वायरच्या टोकावर रबरी टोपी परत चढवली. हे पाच मिनिटांचं काम आहे. सैल बॅटरीचं टोक फ्रेमला टेकलं की पाच मिनिटं आठवत बसावं लागतं.

स्प्रॉकेटबद्दल मुलांमध्ये एक समज पक्का आहे की फिरणारी वस्तू हलकी केली की गाडी पळते. अर्धं खरं आहे. फिरणाऱ्या वस्तूचं वजन किती महाग पडतं ते ती मध्यापासून किती लांब आहे यावर ठरतं, आणि तेही अंतराच्या वर्गाने. चाकाच्या कडेला, टायरमध्ये असलेला एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. मागचा स्प्रॉकेट ४५ दात्यांचा, त्याचं बरंचसं वजन एक्सलपासून नऊ सेंटिमीटरच्या आसपास; टायर जमिनीला टेकतो तिथपर्यंत तीस सेंटिमीटर. नऊ भागिले तीस, त्याचा वर्ग केला तर ०.०९. आमचा स्टीलचा स्प्रॉकेट १०२० ग्रॅम, ॲल्युमिनियमचा ४८० ग्रॅम, फरक ५४० ग्रॅम. त्यातला फिरण्यामुळे मिळालेला जादा फायदा पन्नास ग्रॅमसुद्धा नाही. हे गणित त्याच्या वहीत त्याच्याच हाताने करून घेतलं.

उरतो तो खरा फायदा: हे वजन शॉक ॲब्सॉर्बरच्या खालच्या बाजूचं आहे. चाकाबरोबर वरखाली होणारं वजन जितकं कमी, तितकं चाक खडबडीत जागेवर रस्त्याला धरून राहतं. केटीएमने २०२२च्या नव्या आरसी ३९०मध्ये चाकांतूनच ३.४ किलो कमी केले, फ्रेममधून दीड. कंपनीला वजन कुठे काढावंसं वाटलं ते यातून कळतं. आपल्याला चाकं बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून स्प्रॉकेटवर समाधान. जुनी चेन ताणलेली होती, तीही बदलली. जुन्या चेनवर नवा स्प्रॉकेट, तोही ॲल्युमिनियमचा, घातला तर दाते काही हजार किलोमीटरांत खाल्ले जातात.

आता ते निळे बोल्ट. मी चौथ्या रविवारी पोचलो तेव्हा पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) दोन बोल्ट त्याने आधीच बदललेले होते. "फक्त टॉर्क मारायचा राहिलाय," म्हणाला. मॅन्युअलमधला आकडा रेंचवर लावला आणि त्याच्या हातात दिली. मी शेजारी उभा. पहिला बोल्ट टक् झाला, म्हणजे ठरलेला जोर लागला. दुसरा होईना. रेंच फिरत होती, पाव वळण, आणखी थोडं, पण आवाज नाही. आणि ती जी फिरण्याची जाणीव असते ना, घट्ट होत जाण्याची, ती मध्येच गेली. त्याच्या मनगटाकडे पाहूनच मला कळलं. "थांब. सोड." त्याने लगेच सोडली, त्याचं मला कौतुक वाटलं. पुष्कळजण 'अजून एक' म्हणून ओढतात.

दोन्ही बोल्ट काढले. दुसऱ्याचे आटे त्याच मापाच्या मूळ बोल्टच्या आट्यांना लावून उजेडाकडे धरले. वरचे चार-पाच आटे जुळत होते, मधे फट, त्यातून उजेड दिसत होता. बोल्ट ताणला गेला होता. तो ब्रेकच्या कॅलिपरचा होता, पुढच्या चाकाचा.

सोमवारी पाकिटातले उरलेले बारा बोल्ट कामावर नेले. लोहचुंबक लागला नाही, पण त्याने एवढंच कळतं की साधं स्टील नाही. टायटॅनियमला लागत नाही, ॲल्युमिनियमलाही लागत नाही. म्हणून घनता काढली. बाराही बोल्ट वजनकाट्यावर: ८४ ग्रॅम. मोजपात्रात पाणी घेऊन त्यात सोडले, पाणी ३१ मिलिलिटरने चढलं. ८४ भागिले ३१ म्हणजे २.७. टायटॅनियमची घनता ४.५, त्या मापाने हे बोल्ट १४० ग्रॅमच्या घरात भरायला हवे होते. २.७ म्हणजे ॲल्युमिनियम. वर निळं ॲनोडायझिंग केलेलं, पाकिटावर टायटॅनियम लिहिलेलं, आणि वापर कुठे करायचा तिथे 'ब्रेक कॅलिपर' असंही लिहिलेलं. विकणाऱ्याला फोटो आणि आकडे पाठवले, पैसे परत आले नाहीत.

मूळ बोल्टच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं असतं. पहिल्या दहाचा अर्थ, चौरस मिलिमीटरला हजार न्यूटनपर्यंत ताण सोसण्याची ताकद. नंतरच्या नऊचा अर्थ, त्यातल्या नव्वद टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. चांगल्यातलं चांगलं ॲल्युमिनियमसुद्धा याच्या निम्म्याच्या थोडं वर जातं आणि आमच्या हातातलं ते नव्हतं. अस्सल टायटॅनियमचा बोल्ट चालला असता, ताकद जवळपास तीच असते. पण कॅलिपरच्या दोन बोल्टांत त्याने फार तर वीस ग्रॅम वाचले असते. पुढचा ब्रेक ज्यावर टांगलेला आहे तिथे वीस ग्रॅम वाचवायला कुणी सांगितलं होतं? हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. तो स्वतःच बराच वेळ तो ताणलेला बोल्ट हातात फिरवत बसला होता. बोल्ट ज्यात बसतो त्या भोकातले आटे शाबूत आहेत का ते गेजने तपासलं, सुदैवाने होते. मूळ बोल्ट आट्यांना लॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून, टॉर्क मारून परत बसले आणि त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे फिरले तर दिसावं. संध्याकाळी त्याने स्वतःच्या पैशांतून तीन हजार दोनशेचा टॉर्क रेंच मागवला.

सायलेन्सरचं काय, हा शेवटचा मुद्दा राहिला होता. एका वस्तूत सर्वांत जास्त वजन तिथेच निघतं, हे मान्य. पण १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे आणि विकत मिळणारे बहुतेक रिकामे नळकांडे ती सहज ओलांडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. गाडीचं मूळ रूप बदलणारे बदल यात येतात. त्याच दात्यांचा स्प्रॉकेट किंवा त्याच व्होल्टची बॅटरी यात बसत नाही असं माझं वाचन आहे. पण कायद्याआधी माझ्या डोळ्यांसमोर सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या आजी होत्या, ज्यांना रात्री अकराला कुणाची तरी गाडी जाते तेव्हा उठून बसावं लागतं. भाचा म्हणाला, "नको मामा, ते अठरा हजार टायरला घालू." सोळा हजारांचे दोन टायर आले, सव्वीसशेत ब्रेक पॅड आणि डॉट ४ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल. जुनं ऑइल पाणी ओढून बसलेलं असतं. ताजं २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलेलं १५५ अंशांनाही उकळू शकतं, आणि ट्रॅकवर ब्रेक तितका तापतो.

शेवटचा हिशेब: कायमचे कमी झालेले २ किलो ४९० ग्रॅम, ट्रॅकपुरते ३ किलो ४६०. एकूण सहा किलोंना पन्नास ग्रॅम कमी. त्याचे दहा किलो झाले नाहीत. मी त्याला दाखवलं की पेट्रोल लिटरला पाऊण किलो भरतं, दहा लिटरच्या टाकीत चारच लिटर घेऊन उतरलास तर साडेचार किलो आपोआप गेले. गाडी आणि चालवणारा मिळून दोनशे चाळीस किलो धरले तर आपले सहा किलो म्हणजे अडीच टक्के.

तिघांनी मिळून पिकअप ठरवला आणि सुमारे बाराशे किलोमीटरांवर चेट्टीपाळयमला, म्हणजे कारीच्या ट्रॅकवर, गाड्या उतरवल्या. दोन दिवसांत त्याने रोज संध्याकाळी फोन केला. पहिल्या आणि शेवटच्या सत्रातल्या त्याच्या सर्वोत्तम फेरीत सहा सेकंदांचा फरक पडला. त्या दोन दिवसांत गाडीवरचा एकही पार्ट बदललेला नव्हता. बदललं ते ब्रेक कुठे सोडायचा आणि नजर कुठे ठेवायची हे शिकवणाऱ्यांनी सांगितलेलं, आणि दुसऱ्या दिवशी कमी केलेली टायरमधली हवा. वजनाचं त्याला जाणवलं का, असं विचारलं. म्हणाला, एका डावी-उजवीकडे झटकन वळणाऱ्या जागी गाडी कलते लवकर, बाकी कुठे सांगता येणार नाही. तेवढं प्रामाणिक उत्तर मला पुरेसं होतं.

चिंचवडला पोचल्यावर पिशव्या उघडून आरसे, फूटरेस्ट, साडी गार्ड, होल्डर पन्नास मिनिटांच्या आत परत चढले. पुढच्या पाच हजार किलोमीटरांत ॲल्युमिनियमच्या दात्यांना एका बाजूला आकडीसारखा आकार येऊ लागलेला दिसला. रोजच्या चाकण-चिंचवड ये-जा करणाऱ्या गाडीला तो परवडणारा नव्हता, म्हणून स्टीलचा स्प्रॉकेट नव्या चेनसह परत बसवला. आता पुढच्या वर्षी कोइमतूरला जाताना पिशव्यांमध्ये एक पिशवी वाढणार आहे, चेन आणि स्प्रॉकेटची. निळ्या बोल्टांपैकी तो ताणलेला एक माझ्या टूलरूमच्या कपाटात, नव्या मुलांना आटे उजेडात धरून पाहायला शिकवायचे असतात तेव्हा काढतो.